घड्याळाबरोबर धांवणारें गणित

ग्रहणाचें गणित ग्रहण सुटल्यावर पुरें झालें, तर तें कितीहि बिनचूक असो, पंचांगकर्त्याच्या काय कामाचें? गणित खरें असावें एवढ्यानेंच भागत नाहीं. तें वेळेवरहि यावें लागतें. पंचांगकर्त्यास निदान वर्षाची सवड असते. ज्या गणिताची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, त्यास सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचीहि सवड पुरती मिळत नाहीं. विमानाचें इंजिन या क्षणीं किती वेगानें फिरत आहे, त्याच्या पोटांत दाब किती व उष्णता किती, आणि तें विमानास किती रेटा देत आहे, हें खऱ्या इंजिनाच्या बरोबरीनें, किंबहुना त्याच्याहि पुढें धांवून, सांगणारें असें हें गणित आहे.

अशा गणिताची पहिली गरज वैमानिकांच्या शिक्षणास पडते. प्रवासी विमानाचा वैमानिक आपल्या विद्येचा मोठा भाग जमिनीवरच शिकतो. सहा पायांवर उभी असलेली व डुलणारी एक बंद कोठडी. आंत खऱ्या विमानांतल्यासारखींच आसनें, कांटे व दांड्या. समोर काचेंत धांवपट्टीचें हलतें चित्र. हिलाच सिम्युलेटर म्हणतात. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेंतील एडविन लिंक यानें १९२९ सालीं तयार केलेलें शिक्षणयंत्र. लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता, व त्या वाद्यास हवा पुरविणारे भातेच त्यानें आपलें खोटें विमान डोलविण्यास लाविले. त्या काळीं तेवढ्यानें काम भागलें. आजच्या कोठडींत मात्र इंजिनाचें गणित नसेल, तर सारा देखावा फुकट आहे. तें कां, हें एका उदाहरणावरून पाहूं.

समजा, उतरूं पाहणाऱ्या वैमानिकास ऐन वेळीं धांवपट्टीवर अडथळा दिसला. तो इंधनाची दांडी पुढें ढकलतो. परंतु मोटारीच्या इंजिनाप्रमाणें जेट इंजिन लगेच उसळी घेत नाहीं. जड जातें प्रथम ओढतांना हातास जो भार लागतो, तसाच भार इंजिनांतील चक्रांचा असतो. शिवाय इंधन एकदम ओतलें तर इंजिनास एक प्रकारची उचकी लागते, तिच्याविषयीं पुढें सांगूं. म्हणून मंद फिरणाऱ्या इंजिनास पूर्ण जोरावर यावयास कांहीं सेकंद लागतातच. अमेरिकेच्या विमानविषयक नियमांत अशी अट आहे कीं, उड्डाणांतील मंद स्थितीपासून पूर्ण जोराच्या ९५ टक्क्यांपर्यंत इंजिन ५ सेकंदांच्या आंत पोंचलें पाहिजे. पांच सेकंद म्हणजे फारसें कांहीं नाहीं असें घरीं बसून वाटतें. उतरतें प्रवासी विमान तेवढ्या वेळांत सुमारें साडेतीनशें मीटर जातें.

२६ जून १९८८ रोजीं फ्रान्समधील हाब्सहाइम येथील एका लहान विमानतळावरील समारंभांत नवें एअरबस ए-३२० विमान प्रेक्षकांसमोरून अगदीं खालून व अगदीं सावकाश नेण्यांत आलें. इंजिनें मंद ठेविलेलीं होतीं. धांवपट्टीपलीकडे झाडी होती. पूर्ण जोर मागितला गेला. इंजिनें चढूं लागलीं. पण तो जोर पुरता येण्यापूर्वींच विमान झाडांच्या शेंड्यांत शिरलें. आंत १३६ माणसें होतीं, त्यांपैकीं ३ दगावलीं. या अपघाताविषयीं पुढें पुष्कळ वाद माजला. चौकशीचा निष्कर्ष मात्र असा होता कीं, इंजिनांत दोष नव्हता. त्यांना जितका वेळ लागावयाचा तितकाच लागला होता, आणि दांडी उशिरां पुढें गेली होती. आतां ज्या सिम्युलेटरचें इंजिन दांडी ढकलतांच गर्जूं लागतें, त्यावर शिकलेल्या वैमानिकाच्या हाताला हे सेकंद कोठून ठाऊक व्हावे?

दुसरी गरज खुद्द इंजिनाच्या मेंदूची. आजच्या इंजिनास किती इंधन द्यावें हें वैमानिक ठरवीत नाहीं. तो फक्त जोर मागतो. इंधन किती व किती लवकर द्यावयाचें हें इंजिनावरच बसविलेला एक लहानसा संगणक ठरवितो. तो दर सेकंदास कितीतरी वेळां सर्व कांटे वाचतो व दर वेळीं नवा हुकूम सोडतो. त्याच्या हुकुमांत कोठें चूक राहिली असेल, तर ती खऱ्या व महागड्या इंजिनावर अजमावून पाहणें कोणास परवडणार? म्हणून तो खरा मेंदू मेजावर ठेवितात आणि त्याच्या तारा इंजिनास न जोडतां दुसऱ्या एका संगणकास जोडतात. हा दुसरा संगणक इंजिनाचें सोंग घेतो. हें सोंग आहे असें मेंदूला कळतां कामा नये. त्यानें वीस मिलिसेकंदांनीं वेग विचारला, तर वीस मिलिसेकंदांच्या आंत उत्तर गेलें पाहिजे. एकविसाव्यास गेलेलें उत्तर बरोबर असूनहि चूकच.

अशी सोय नसे तेव्हां काय होई याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. फ्रँक व्हिटल या इंग्रज अधिकाऱ्यानें १९३० सालीं जेट इंजिनाच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथील कारखान्यांत त्याचें इंजिन पहिल्यानें आपल्या जोरावर फिरलें. फिरलें तें आवरेना. व्हिटलनें इंधनाची झडप बंद केली, तरी वेग वाढतच राहिला. आवाज किंचाळीसारखा होऊं लागतांच भोंवतालची मंडळी जीव घेऊन पळाली. व्हिटल मात्र झडपेपाशीं उभा राहिला. कांहीं वेळानें इंजिन आपोआप मंदावलें. मागाहून शोध लागला कीं, आधींच गळून ज्वलनकक्षाच्या तळाशीं सांचलेलें इंधन जळत होतें. इंजिनाचा स्वभाव जाणण्यास त्या वेळीं इंजिन हेंच एक साधन होतें.

आतां या यंत्राची रचना थोडक्यांत सांगतों. पुढून हवा आंत येते. काँप्रेसर नांवाच्या पात्यांच्या रांगा ती दाबून दाट करितात. दाटलेल्या हवेंत इंधन जाळतात. तापलेला वायु मागें धांवतांना टर्बाइनचीं पातीं फिरवितो व उरलेल्या जोरानें नळींतून बाहेर पडून विमानास पुढें रेटतो. टर्बाइन व काँप्रेसर एकाच आंसावर असल्यामुळें टर्बाइन फिरलें कीं काँप्रेसर फिरतो. आजच्या प्रवासी विमानांत पुढें एक मोठा पंखाहि असतो, व एकांत एक घातलेले दोन आंस बहुधा असतात. आम्ही येथें सोयीसाठीं एकच आंस धरून चालूं.

या रचनेंत एक गंमत आहे, व सारी अडचणहि तिच्यांतच आहे. काँप्रेसरला फिरविणारें टर्बाइन, आणि टर्बाइनला वारा पुरविणारा काँप्रेसर. काँप्रेसरमधून किती हवा जाईल हें मागच्या दाबावर अवलंबून. मागचा दाब टर्बाइनमधून किती वायु निसटतो यावर. आणि तें पुनः काँप्रेसरनें किती हवा दिली यावर. पहिलें काढून त्यावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें, असें सरळ रांगेनें हें उदाहरण सुटत नाहीं. सुरुवात करावयास टोंकच सांपडत नाहीं.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतींत इष्टकर्म नांवाची रीति आहे. अज्ञात राशीच्या जागीं मनास येईल ती संख्या घ्यावी, उदाहरणांतील सर्व क्रिया तिच्यावर कराव्या, आणि आलेलें उत्तर व हवें तें उत्तर यांच्या प्रमाणांत ती कल्पिलेली संख्या सुधारावी. सरळ प्रमाणाचें उदाहरण असेल तर एकाच सुधारणेंत खरी संख्या हातीं येते. इंजिनाचें उदाहरण सरळ प्रमाणाचें नाहीं, वांकडें आहे. म्हणून सुधारणा पुनः पुनः करावी लागते. या पुनरावृत्तीच्या रीतीस न्यूटन व रॅफसन यांचीं नांवें जोडलेलीं आहेत. तिचें अगदीं सोपें रूप वर्गमुळांत दिसतें. १० चें वर्गमूळ हवें आहे. अंदाज ३ घेतला. १० ला ३ नें भागून येणारे ३.३३३३ व मूळचे ३ यांची सरासरी ३.१६६७. पुनः तसेंच केलें कीं ३.१६२२८, आणि हें पांच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. आतां १०.१ चें वर्गमूळ पाहिजे असेल, तर पुनः ३ पासून निघणारा विद्यार्थी आम्ही आळशी न म्हणतां उधळा म्हणूं. हातांत असलेल्या ३.१६२२८ पासून निघाल्यास एकाच पायरींत ३.१७८०९ मिळतात; खरें उत्तर ३.१७८०५. इंजिनाच्या गणितांत हीच युक्ति सर्वांत अधिक वेळ वांचविते. वीस मिलिसेकंदांत इंजिन फार बदलत नाहीं. म्हणून मागील क्षणाचें उत्तर हाच पुढील क्षणाचा अंदाज.

वर्गमुळांत अज्ञात एक होतें. इंजिनांत पांच-सहा किंवा अधिक असतात. अंदाज सुधारण्यासाठीं प्रत्येक अज्ञात किंचित् हलवून इतर सर्वांवर काय परिणाम होतो तें पाहावें लागतें, म्हणजे एका सुधारणेसाठीं सबंध इंजिन सहा-सात वेळां मोजणें आलें. येथें अनुभवी माणसें अशी काटकसर करितात कीं, हे परिणाम एकदां मोजून ठेवावे व पुढील पुष्कळ क्षण तेच वापरावे. उत्तर बिघडूं लागलें तरच पुनः मोजावे. एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. सामान्य गणितांत सरासरीनें किती वेळ लागला हें पाहतात. या गणितांत सर्वांत वाईट प्रसंगीं किती लागला हें पाहावें लागतें. हजारांतून नऊशें नव्याण्णव वेळां दोनच सुधारणांत उत्तर आलें आणि एकदां पंधरा लागल्या, तर त्या एका वेळेस मेंदूला उत्तर मिळालें नाहीं असें होईल. म्हणून सुधारणांची संख्या आधींच ठरवून टाकितात, आणि तेवढ्यांत जें हातीं येईल तें देऊन पुढें चालतात. किंचित् चुकलेलें पण वेळेवर आलेलें उत्तर पुढच्या क्षणीं सुधारतां येतें.

काँप्रेसरच्या पात्यांभोंवतीं हवा कशी वाहते हें मूळ तत्त्वांपासून मोजूं गेल्यास मोठमोठ्या संगणकांसहि तासच्या तास लागतात. मग वीस मिलिसेकंदांत तें कसें उरकतात? उत्तर आमच्या वाचकांच्या आजोबांना ठाऊक होतें. जुन्या शाळांत मुलें पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकीत असत. बाजारांत गिऱ्हाईक समोर उभें असतां दुकानदार गुणाकार मांडीत बसत नसे. तो कधींच करून ठेविलेला होता. काँप्रेसरचेंहि असेंच कोष्टक असतें. परीक्षागृहांत तो निरनिराळ्या वेगांनीं फिरवून हवा किती गेली, दाब किती पट झाला व शक्ति किती खर्ची पडली, हें मोजून मांडून ठेवितात. पुढें लॉगॅरिथमच्या कोष्टकांत दोन आंकड्यांमधील किंमत जशी प्रमाणानें काढितात, तशी येथेंहि काढावयाची.

परंतु हवा सर्वत्र सारखी नाहीं. ११,००० मीटर उंचीवर प्रमाणित वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या पावपटीहूनहि कमी, व उष्णतामान शून्याखालीं ५६.५ अंश असतें. मग प्रत्येक उंचीचें वेगळें कोष्टक करावें कीं काय? तसें करावें लागत नाहीं, कारण निसर्गानेंच एक सवलत ठेविली आहे. चक्राच्या वेगास आंत येणाऱ्या हवेच्या निरपेक्ष उष्णतामानाच्या वर्गमुळानें भागलें, आणि हवेच्या प्रवाहास त्याच वर्गमुळानें गुणून दाबानें भागलें, म्हणजे जमिनीवरचें व आकाशांतलें इंजिन जवळजवळ एकाच कोष्टकांत बसतात. हजारों पानांचा ग्रंथ एका पानावर आणणारी ही युक्ति आम्हांस या सर्व विषयांत अधिक सुंदर वाटते.

कोष्टकांवरून टर्बाइननें दिलेली व काँप्रेसरनें खाल्लेली शक्ति निघते. दोन्ही सारख्या असतील तर वेग कायम; टर्बाइनची अधिक असेल तर जी शिल्लक राहते ती चक्राचा वेग वाढविण्यांत जाते. किती लवकर वाढेल हें चक्राच्या जडत्वावर ठरतें, म्हणजे तें जातें आहे कीं भिंगरी यावर. मघांचे पांच सेकंद येतात ते मुख्यतः येथून.

याहून निराळी एक घालमेल इंजिनांत चालू असते. काँप्रेसर व टर्बाइन यांमधील पोकळींत हवा क्षणभर सांचते व ओसरते. ही क्रिया अतिशय जलद, मिलिसेकंदाच्या मापाची. चक्र हत्तीसारखें, तर ही चिलटासारखी. एकाच गणितांत हत्ती व चिलट दोघेहि असले म्हणजे काय फजिती होते, याचा अनुभव आम्हीं आमच्या शाळेंतील संगणककक्षांत घेतला. एका आंसाचें लहानसें इंजिन मुलांनीं गणितांत उभें केलें होतें. कालाचें पाऊल वीस मिलिसेकंदांचें, आणि पोकळी एका मिलिसेकंदाच्या स्वभावाची. दाबांत एकाच एककाची चूक होती. साध्या रीतीनें पुढें मोजतां पहिल्या पावलास ती उणे १९ झाली, दुसऱ्यास ३६१, तिसऱ्यास उणे ६,८५९ आणि चौथ्यास १,३०,३२१. सेकंदाचा दहावा भागहि झाला नव्हता आणि आमचें इंजिन कागदावर फुटलें! मुलांना वाटलें, सूत्र चुकलें. सूत्र बरोबर होतें. चिलटाच्या चालीवर हत्तीचें पाऊल टाकल्याचा तो परिणाम होता. पाऊल अर्ध्या मिलिसेकंदाचें केल्यावर सर्व सुरळीत झालें, पण मग काम चाळीस पट वाढलें व गणित घड्याळाच्या मागें पडलें.

यावर तीन तोडगे आहेत. पहिला असा कीं, पुढील क्षणाचा बदल आतांच्या स्थितीवरून न मोजतां पुढील क्षणाच्याच स्थितीवरून मोजावा. ती स्थिति तर अजून अज्ञात. म्हणजे पुनः इष्टकर्म आलें. पण त्या श्रमाचें फळ मोठें आहे. वरील उदाहरणांत एककाची चूक पहिल्याच पावलास एक-एकविसांश उरते व पुढें झपाट्यानें नाहींशी होते. दुसरा तोडगा म्हणजे पोकळी आहे हें विसरून जावें व हवा येते तितकी तत्काळ जाते असें धरावें. तिसरा तोडगा ऐकून आमचे विद्यार्थी हंसले: पोकळी खऱ्याहून पुष्कळ मोठी आहे असें गणितांत लिहावें, म्हणजे चिलट सुस्तावतें व मोठ्या पावलानें चालतां येतें! हें असत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु हें असत्य कोणापासून लपविलेलें नसतें, आणि चक्राच्या चालीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाहीं. म्हणून, आमच्या मतें, तें क्षम्य आहे. मात्र कोठपर्यंत, तेंहि सांगितलें पाहिजे.

मघां ज्या उचकीचा उल्लेख केला ती येथें आडवी येते. इंधन एकाएकीं वाढविलें तर ज्वलनकक्षांतील दाब इतका चढतो कीं काँप्रेसरला हवा पुढें ढकलवत नाहीं. ती मोठा धडाका करून उलट येते, पुनः आंत जाते, पुनः उलटते. इंग्रजींत हिला सर्ज म्हणतात. ही सर्व घडामोड चिलटाच्या राज्यांतली आहे. पोकळी पुसून टाकणाऱ्या किंवा फुगविणाऱ्या प्रतिकृतींत उचकी खरी दिसणार नाहीं. वैमानिकाच्या शिक्षणास तेवढें चालतें. त्यास धडाका, थरथर व कांट्यांची घसरण दाखविली म्हणजे पुरे. पण इंधन किती वेगानें वाढविलें तर उचकी लागेल हेंच ज्यास शोधावयाचें आहे, त्यानें पोकळी टाकली तर रोग्याची नाडी टाकल्यासारखें होईल. तेव्हां 'उत्तम प्रतिकृति कोणती?' या प्रश्नास एक उत्तर नाहीं. काय टाकलें हें काय विचारावयाचें आहे यावरून ठरतें.

या विद्येचा मोठा भाग अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील सरकारी संशोधनशाळेंत वाढला. पूर्वीं तिला लुईस हें नांव होतें. १९९९ पासून ग्लेन आहे. तेथें १९७५ सालीं एफ-१५ या लढाऊ विमानाच्या एफ-१०० इंजिनाची घड्याळाबरोबर चालणारी प्रतिकृति प्रसिद्ध झाली. तिचें यंत्र अर्धनारीनटेश्वरासारखें होतें. कोष्टकें पाहण्याचें काम आंकड्यांच्या संगणकाकडे. बाकीचें गणित विजेच्या मंडलांकडे. या मंडलांत विजेचा दाब हाच हवेचा दाब किंवा चक्राचा वेग म्हणून घेत, व सर्व समीकरणें एकाच वेळीं, पाऊल न टाकतां, वाहत्या पाण्यासारखीं सुटत. त्याच सालीं डिनजेन नांवाची, केवळ आंकड्यांवर चालणारी आज्ञावलीहि तेथूनच बाहेर पडली. तींत वर सांगितलेल्या पहिल्या तोडग्याच्या जातीची रीति होती, म्हणून तिला मोठीं पावलें टाकतां येत. पुढें आंकड्यांचे संगणक इतके जलद झाले कीं विजेचीं मंडलें मागें पडलीं. २०१० च्या सुमारास त्याच संशोधनशाळेनें ४०,००० पौंड रेट्याच्या एका प्रवासी इंजिनाची प्रतिकृति तयार केली. ती साध्या संगणकावर घड्याळाच्या पुढें धांवते. हें इंजिन कोणत्याहि कारखान्याचें नाहीं, कल्पित आहे. कारखाने आपलीं कोष्टकें तिजोरींतील दागिन्यांप्रमाणें जपतात, म्हणून संशोधकांस व विद्यार्थ्यांस कोणाचेंहि नसलेलें इंजिन मुद्दाम निर्माण करून द्यावें लागलें.

याहूनहि हलकें गणित हवें असेल, तर इष्टकर्म व मोठीं कोष्टकें हीं दोन्ही बाजूस ठेवितात. इंजिनाच्या कांहीं निवडक स्थितींभोंवतीं त्याची चाल सरळ रेषेसारखी आहे असें मानून थोडेसे गुणक काढून ठेवितात, व चालतांना दोन शेजारच्या स्थितींतील गुणकांवरून मधले घेतात. एवढें लहान गणित विमानांतील इंजिनाच्या मेंदूंतहि मावतें. तेथें तें काय करितें, हें आम्हांस या लेखांत विशेषेंकरून सांगावयाचें होतें.

उडत्या विमानांत इंजिनाचा रेटा मोजणारा कांटा नसतो. तसेंच टर्बाइनच्या तोंडाशीं येणारा वायु पात्यांचा धातु वितळेल इतका तप्त असतो, व आंतून थंड हवा खेळविल्यामुळेंच तीं पातीं टिकतात. अशा जागीं मोजमापाचें साधन फार काळ तग धरीत नाहीं. म्हणून जें मोजतां येतें त्यावरून न मोजतां येणारें जाणावें लागतें. रेट्यासाठीं पुष्कळ इंजिनांत मागील दाबास पुढील दाबानें भागून येणारा आंकडा कांट्यावर दाखवितात.

१३ जानेवारी १९८२ रोजीं वॉशिंग्टन येथें हिमवृष्टि होत असतां एअर फ्लोरिडा कंपनीचें बोइंग ७३७ विमान उड्डाणास निघालें. इंजिनास बर्फापासून वांचविणारी उष्णतेची योजना सुरू केलेली नव्हती. पुढील दाब मोजणाऱ्या नळीचें तोंड बर्फानें बुजलें. पुढील दाब खोटा, कमी दिसूं लागला, आणि भागाकार अर्थात् मोठा येऊं लागला. कांट्यावर २.०४ दिसत होते. खरा आंकडा सुमारें १.७० होता. वैमानिकांना पूर्ण जोर मिळाला असें वाटलें, पण तो मिळाला नव्हता. पंखांवरहि बर्फ होता. विमान उठलें, लगेच खचलें, पोटोमॅक नदीच्या पुलावरील मोटारींवर आदळून गोठलेल्या पाण्यांत पडलें. पुलावरील चौघांसह ७८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चक्रांचे वेग, वायूचें उष्णतामान, इंधनाचा प्रवाह, हे बाकीचे कांटे कमी जोराशीं जुळणारेंच दाखवीत होते. सहवैमानिकास आंकडे बरोबर नाहींत अशी शंकाहि आली होती. पण धांवपट्टीवरील त्या थोड्या सेकंदांत चार कांट्यांवरून पांचव्याचें उलट गणित कोण करणार?

तें गणित करणारी प्रतिकृति आतां इंजिनाच्या मेंदूंत बसवितां येते. चक्राचा वेग एवढा, बाहेरील हवा एवढी थंड, तर दाबाचा आंकडा इतका यावयास हवा, असें ती क्षणोक्षणीं सांगत राहते. कांटा निराळें बोलूं लागला कीं मेंदू सावध होतो. मात्र यांतहि एक पेंच आहे. इंजिनें झिजतात. पात्यांच्या कडा बोथट होतात, टोंकाशीं फट वाढते, धूळ चिकटते. मग त्याच वेगास उष्णतामान थोडें अधिक येतें. कारखान्यांतून निघालेल्या इंजिनाची प्रतिकृति जुन्या इंजिनाशीं जुळत नाहीं, व रोज उगीचच ओरडूं लागते. म्हणून प्रतिकृतीस आपल्या इंजिनाप्रमाणें हळूहळू वय वाढवूं देतात. रुडॉल्फ काल्मान या गणितज्ञानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें ती दर क्षणीं अपेक्षित व मोजलेला आंकडा यांतील फरकाचा थोडासा अंश आपल्या अंगीं मुरवून घेते. हा अंश किती असावा? फार लहान ठेविला तर म्हाताऱ्या इंजिनास ती सदैव आजारी ठरविते. फार मोठा ठेविला तर बर्फानें बुजलेल्या नळीचा खोटा आंकडाहि तिला खरा वाटूं लागतो, व ती आपलेंच गणित त्या खोट्याशीं जुळवून घेते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या लहानशा इंजिनावर हाच प्रयोग हल्लीं आरंभिला आहे. एका मुलानें गुपचूप एक कांटा गोठवावयाचा, आणि इतरांच्या प्रतिकृतीनें तो ओळखावयाचा. पहिल्या दिवशीं प्रतिकृतीनें तीन सेकंदांत बर्फाचेंच म्हणणें मान्य केलें.